चौकटीबाहेरचं गाव

मेसिनाच्या बंदरात क्रूझ सकाळी लागते. धक्क्यावर बसगाड्यांची रांग उभी असते आणि उतरणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर त्याच्या बसचा आकडा चिकटवलेला असतो. सिसिली बेटावर दिवसभरात काय पाहता येईल याचा कागद आदल्या रात्रीच खोलीत आलेला असतो : एटना ज्वालामुखी, ताओर्मिनाचं प्राचीन रंगमंदिर आणि 'गॉडफादर' सिनेमातली डोंगरावरची गावं. आमच्या मुलीने तिसरी सहल निवडली. जावईबापूंनी रात्री जागून सिनेमा पुन्हा एकदा पाहून घेतला.

जिथे जायचं ते आधी पडद्यावर पाहायचं, आणि पडद्यावर होतं तेच तिथे आहे का याची खात्री करायला मग जायचं. अशा प्रवासात माणूस काही शोधत नाही. तो पडताळा घेतो.

मी वैरागचा. बार्शी-सोलापूर रस्त्यावरचं आमचं गाव. जमीन काळी, पाऊस बेभरवशाचा, समुद्र पाहायचा तर सह्याद्री ओलांडावा लागतो. आमच्याकडे परगावची माणसं येतात ती कामाने : बाजाराला, बँकेत, दवाखान्यात, सोयरीक जुळवायला, मयतीला. नुसतं गाव पाहायला कुणी येत नाही. त्यामुळे गाव पाहायला जाणं म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न मला त्या बसमध्ये बसल्यापासून पडला, आणि तो अजून सुटलेला नाही.

०

क्रूझ बंदराला येते, गावाला येत नाही. बंदर आणि गाव यांच्यामधला रस्ता बसचा असतो, आणि त्या रस्त्यावर बहुतेक प्रवासी डुलक्या घेतात.

०

बंदर सोडताना गाइडबाईंनी एका वाक्यात सांगितलं की, २८ डिसेंबर १९०८च्या भूकंपात हे शहर जमीनदोस्त झालं आणि मग नव्याने बांधलं गेलं. पुढच्या वाक्यात त्या सिनेमाकडे वळल्या. मी मात्र तिथेच राहिलो. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी हलली तेव्हा आमच्या घरातही फडताळातली भांडी वाजली होती. पुढे त्या भागातली पुनर्वसनाची गावं मी पाहिली. रस्ते रुंद, घरं आखीव, दोन घरांमध्ये मोकळं अंतर. जुन्या गावात एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर गप्पा व्हायच्या, इथे हाक मारावी लागायची. मेसिनाचे रस्तेही रुंद आहेत. बाहेरच्याला ते प्रशस्त वाटतात. पण एकदा भिंती अंगावर आलेल्या माणसांनी दोन भिंतींमध्ये मुद्दाम सोडलेलं अंतर आहे ते.

त्या दिवसात मला सगळ्यात नीट दिसलं ते हे शहर, आणि ते सहलीच्या कागदावर नव्हतं. आपलं दुखणं जिथे जुळतं, तिथे गाइड लागत नाही.

०

किनाऱ्याने दक्षिणेला गेलं की सांता तेरेसा दि रीवा नावाचं लांबट गाव लागतं, आणि तिथून वळणावळणाचा रस्ता सावोकाला चढतो. खालचं गाव एके काळी वरच्याच गावाचा भाग होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ते वेगळं झालं. त्याआधी किनाऱ्यावर राहणं धोक्याचं होतं : समुद्रातून चाचे यायचे आणि सखल जमिनीत हिवताप असायचा. पुढे चाचे संपले, किनाऱ्याने रेल्वे आली, आणि लोक उतरू लागले. काही खालच्या गावात थांबले, बरेच अमेरिकेपर्यंत गेले.

डोंगरावरची गावं हौसेने वर गेलेली नसतात. माणसं भीतीने वर जातात आणि भाकरीसाठी खाली येतात.

१९७१ साली 'गॉडफादर'चा दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला सिसिलीत आला. मारिओ पुझोच्या कादंबरीतलं गाव कोर्लिओने. ते नकाशावर आहे, बेटाच्या पश्चिमेकडच्या भागात. पण ते गाव तोवर बदलून गेलं होतं, कथेतल्या काळाचं राहिलेलं नव्हतं. म्हणून बेटाच्या दुसऱ्या टोकाचं सावोका कोर्लिओने झालं. तिथल्या बारमध्ये सिनेमाचा नायक मायकेल बसला, तिथल्या चर्चमध्ये त्याचं लग्न लागलं, आणि वरात तिथल्याच रस्त्याने उतरली. शेजारच्या फोर्झा द'आग्रोचं चर्च तर सिनेमाच्या तिन्ही भागांत आहे.

सावोकाची निवड झाली ती तिथे काही आलेलं नव्हतं म्हणून. नवी दुकानं नव्हती, सिमेंटचे मजले नव्हते, तरुण माणसंही फारशी नव्हती. आपण ज्याला 'जुनं जपलेलं गाव' म्हणतो ते पुष्कळदा कुणी जपलेलं नसतं. ते मागे राहिलेलं असतं. ज्याच्याकडे पैसा आला त्याने भिंत पाडून नवी बांधली. ज्याच्याकडे आला नाही, त्याची भिंत आज सुंदर दिसते.

कॅमेऱ्याला गरिबीचा रंग फार आवडतो. उन्हात तो सोन्यासारखा उतरतो. त्या भिंतीच्या आत राहणाऱ्याला तो रंग दिसत नाही, कारण त्याला ओल दिसते.

०

बार व्हितेल्ली एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर आहे. बाहेर वेलींचा मांडव, मांडवाखाली टेबलं. लिंबाच्या रसाचा रवाळ गोठवलेला बर्फ तिथे पेल्यात मिळतो, त्याला ग्रानिता म्हणतात, आणि तो खरोखर चांगला असतो. पण लोक पेले टेबलावर तसेच ठेवून खुर्चीसाठी रांगेत उभे होते. नायक जिथे बसला असं मानतात, तिथे बसून फोटो काढायचा होता. आमच्या बसमधली हसरी, बोलकी माणसं त्या खुर्चीवर बसली की चेहरा गंभीर करत. एक जण उठला की पुढचा बसे. टेबलावरचा बर्फ वितळून पाणी झाला तरी कुणाचं लक्ष नव्हतं.

समोरच्या घराच्या माडीवर एक वयस्क बाई गादी उन्हात टाकायला आली. कठड्यावर गादी अर्धी लोंबली होती, तेवढ्यात खालून कुणीतरी हात वर करून तिला थांबायची खूण केली. फोटोत गादी येत होती. ती थांबली. गादीचं सगळं ओझं दोन्ही हातांवर तोलून उभी राहिली. चेहऱ्यावर राग नव्हता, नवलही नव्हतं. खाली दोन फोटो झाले, मग तिसरा. खुणेचा हात खाली गेला तेव्हा तिने गादी पसरली, तळहाताने दोनदा थापटली आणि आत गेली.

"आप्पा, तुम्ही बसा ना खुर्चीवर," मुलगी म्हणाली. मी बसलो. फोटोही निघाला. त्या फोटोत मी माडीकडे पाहतो आहे.

त्या बाईच्या घरात कोण आजारी होतं, कुणाचं अंथरूण उन्हात घालायचं होतं, मला माहीत नाही. एवढं मात्र कळलं की, गाव तिच्या हातात होतं आणि आम्ही तिला ते जरा बाजूला धरायला सांगत होतो.

०

त्याच चौकात पोलादी पत्र्यातून कापून काढलेली एक आकृती उभी आहे. कॅमेऱ्याला डोळा लावलेला दिग्दर्शक. नीनो उक्किनो नावाच्या त्याच परिसरातल्या शिल्पकाराने ती केली. गावं पुतळे उभारतात ते संतांचे, सेनापतींचे, लढाईत गेलेल्यांचे. सावोकाने आपल्याकडे पाहणाऱ्याचा पुतळा उभा केला.

मी बराच वेळ त्यापुढे उभा होतो. यात गावाची लाचारी आहे असं मला वाटत नाही. ज्या गावातून माणसं निघून जात होती, त्या गावाकडे एक परका माणूस टक लावून पाहत राहिला, आणि त्याच्यामागून जग आलं. कुणी पाहिलं नसतं तर कदाचित बारही बंद पडला असता. पाहणाऱ्याचं ऋण मानणं हा खानदानी गुण आहे.

पण पुतळ्याचा डोळा एकाच दिशेला लागलेला असतो, आणि येणारेही त्याच दिशेला पाहतात. सावोकात कापुचिन साधूंचा मठ आहे. त्याच्या तळघरात गावच्या जुन्या मातब्बरांचे वाळवलेले देह उंची कपड्यांत ठेवण्याची रीत होती. ती या गावाची खरी माणसं, इथेच जन्मून इथेच मेलेली. सिनेमात ती नाहीत. आमची बस तिथे थांबली नाही.

०

लहानपणी तंबूतला सिनेमा पाहताना पडद्याच्या मागच्या बाजूला बसायला मिळालं तरी आम्ही बसत असू. तिथून सगळं उलटं दिसायचं. नायक डाव्या हाताने तलवार धरायचा, अक्षरं वाचता यायची नाहीत. तरी गोष्ट तीच असायची आणि रडू त्याच ठिकाणी यायचं. सिनेमाची गावं पाहायला जाणारा माणूस असाच पडद्याच्या मागे जाऊन बसू पाहतो. त्याला वाटतं, गोष्ट मागच्या बाजूला कुठेतरी राहत असेल.

०

आपल्याकडचं सावोका म्हणजे वाई. पाचगणी-महाबळेश्वरचा घाट जिथून चढतो, तिथलं कृष्णाकाठचं गाव. प्रकाश झा यांनी 'मृत्युदंड' आणि 'गंगाजल' साठी या परिसराचा बिहार केला. 'दबंग' मध्ये वाई उत्तर प्रदेशातलं लालगंज झाली. 'स्वदेस' मध्ये शेजारची मेणवली चरणपूर झाली, आणि तिथला घाट देशभर पोचला. कृष्णामाईने पडद्यावर उत्तरेच्या नद्यांचं काम केलं आणि कुणाला शंका आली नाही.

एखादं गाव दुसऱ्या गावाचं सोंग किती काळ वठवू शकतं? पाहणारा लांबचा असेल तोवर. वाईच्या माणसाला पडद्यावर बिहार दिसत नाही, आपल्या मावशीची आळी दिसते.

मेणवलीच्या घाटावर एक मोठी घंटा आहे. १७०७ साली ओतलेली, बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती असलेली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली, तेव्हा तिकडच्या चर्चमधून आणलेल्या घंटांपैकी ही एक. पुढे ती नाना फडणवीसांच्या मेणवलीत आली. पोर्तुगिजांची प्रार्थना, मराठ्यांचा विजय, पेशवाईतल्या सर्वांत सावध कारभाऱ्याचा वाडा : सगळं एका घंटेच्या हाकेच्या अंतरात आहे. तिथे येणारे विचारतात, 'स्वदेस' मधली शाहरुखची गाडी कुठे उभी होती? विचारू देत. वाटेत घंटा लागतेच. त्यांतला एखादा वर पाहतो आणि घंटेवर मेरी कशी, असं विचारतो. त्या एकासाठी घाट जागेवर असावा लागतो.

०

सिनेमा पाहून गाव पाहायला जाणाऱ्यांना नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. गोष्ट ऐकून जागा पाहायला जाणं ही आपली फार जुनी ओढ आहे. पंचवटीला आपण नाशिकचं हवापाणी पाहायला जात नाही, सीतेची गुंफा पाहायला जातो. आमच्या बार्शीचा भगवंत अंबरीष राजाच्या कथेतला, आणि कथा ठाऊक नसलेल्याला बार्शी म्हणजे बाजारपेठ. आधी गोष्ट कानावर येते, मग पाय निघतात. गोष्ट नसती तर माणूस शेजारच्या तालुक्यातही गेला नसता.

मग फरक कुठे पडतो? तीर्थ माणसाला काहीतरी करायला लावतं. बुडी मारायची, उपास धरायचा, केस द्यायचे, दंडवत घालत जायचं, चार माणसं जेवू घालायची. अंग झिजतं तेव्हा जागा अंगात उतरते. सिनेमाची जागा काहीच मागत नाही. म्हणून ती एका फोटोत संपते.

कोजागरीला सोलापूरहून आणि आमच्या सगळ्या भागातून माणसं तुळजापूरला चालत जातात. रात्रभर रस्ता माणसांनी वाहतो. तुळजापूर डोंगरावरचं गाव. घाट चढून वर जायचं, आणि वर पोचलं की देवीसाठी पुन्हा पायऱ्या उतरायच्या. शिखरावर पोचलेल्याला देवी खाली बोलावते, ही मांडणी मला जगातल्या कुठल्याही डोंगरगावापेक्षा मोठी वाटते. पहाटे पायाला फोड आलेला माणूस ओट्यावर बसून चहा पितो तेव्हा त्याला तुळजापूर कसं आहे विचारा. तो देवळाबद्दल थोडं बोलेल. सगळ्यात जास्त बोलेल ते वाटेत पाणी देणाऱ्याबद्दल.

०

आता करमाळ्याचं सांगतो, कारण ते आमच्याच जिल्ह्यातलं आहे.

नागराज मंजुळे जेऊरचा. करमाळा तालुक्यातलं स्टेशनाचं गाव. त्याने 'सैराट' केला तेव्हा गाव दुसरीकडे शोधलं नाही आणि नाव बदललं नाही. बिटरगाव हे नाव त्याच तालुक्यातलं, पडद्यावरही बिटरगावच. बोली तीच, उजनीच्या पाण्यावर आलेला ऊस तोच, केळी त्याच, आणि त्या पाण्याबरोबर आलेली सत्ताही तीच. १९८०च्या सुमाराला भीमेवर उजनी धरण पुरं झालं. कित्येक गावं पाण्याखाली गेली आणि काठावर उरलेल्यांतली काही पाणीदार झाली. पाणीदार माणूस आणि बिनपाण्याचा माणूस यांच्यात आमच्याकडे जी भिंत असते, ती जातीच्या भिंतीला लागूनच बांधलेली असते. 'सैराट' मध्ये ती दिसते. कुणी बोलून दाखवत नाही तरी दिसते, कारण जमीन खरी आहे.

सिनेमा लागला २९ एप्रिल २०१६ला. त्याच महिन्यात मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी सुरू झाली होती. 'जलदूत' म्हणत तिला. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत ती लातूरला जायची. आमच्या तालुक्याच्या रुळांवरून दुसऱ्या जिल्ह्याच्या तहानेचं पाणी टाक्यांत भरून चाललं होतं, आणि थिएटरात पोरं काठोकाठ भरलेल्या विहिरीत उड्या मारत होती. लोक प्रेमासाठी रडले, हिंसेने सुन्न झाले, गाण्यांवर नाचले, हे सगळं लिहून झालं आहे. त्या उन्हाळ्यात आमच्याकडच्या बायका त्या विहिरीकडे कशा पाहत होत्या, ते कुणी लिहिलं नाही. माझ्या शेजारी बसलेली एक आजी विहीर दिसली की पुढे सरकून बसायची.

मग माणसं यायला लागली. मोटारसायकलींवर, जीपमध्ये, सहलीच्या गाड्यांतून. विहीर कुठे आहे? ते वठलेलं झाड कुठे आहे? करमाळ्याच्या कमलाभवानीला कधी न गेलेली माणसं त्या निमित्ताने देवीला गेली, ९६ पायऱ्यांची बारव उतरून आली. गावच्या पोरांनी वाट दाखवली, रसवंतीवाल्यांचा धंदा झाला. झाडाखाली उभं राहून जोडप्यांनी फोटो काढले.

सिनेमात त्या झाडावर बसलेल्या दोघा प्रेमिकांचं पुढे काय झालं, हे फोटो काढणाऱ्यांना ठाऊक होतं. सगळा महाराष्ट्र सुन्न होऊन थिएटराबाहेर आला होता. तरी फांदीवर बसायची हौस सुटत नाही. याला मी उथळपणा म्हणणार नाही. शेवट नको असतो माणसाला, म्हणून तो गोष्ट जिथे सुखात होती त्या जागेवर परत जाऊन उभा राहतो. सावोकातही तसंच आहे. मायकेलच्या बायकोचा स्फोटात अंत होतो, पण लोक जातात ते तिच्या लग्नाच्या चर्चमध्ये.

२०१८ साली हीच कथा हिंदीत 'धडक' या नावाने आली. करमाळ्याचं उदयपूर झालं. सरोवरं, महाल, झरोके, सगळं देखणं. गोष्ट तीच ठेवून जमीन बदलली आणि गोष्टीचा कणा गेला. उदयपूर पाहायला जग आधीपासून जात होतंच, त्याला या कथेची गरज नव्हती. करमाळ्याला होती. आणि कथेलाही करमाळ्याची होती, हे मात्र दुसरी आवृत्ती पाहिल्यावरच कळलं.

०

आपण सावोकात जातो तशी जहाजं आपल्याकडेही येतात. मुंबईच्या बॅलार्ड पिअरला परदेशी क्रूझ लागते, छातीवर आकडे लावलेली माणसं उतरतात, घारापुरीची लेणी, मणिभवन, धोबीघाट पाहून संध्याकाळी परत जातात. 'स्लमडॉग मिलिअनेर' ला २००९ साली आठ ऑस्कर मिळाले आणि धारावीकडे जगाचं लक्ष आणखी वळलं. १९७२च्या दुष्काळात आमच्या भागातून कित्येक घरं मुंबईला गेली. त्यांतल्या कुणाच्या नातवाच्या दारात आज एखादा पाहुणा उभा असेल, खिडकीतून आत पाहत असेल. आत कुकर लागला असेल, पोरगं अभ्यासाला बसलं असेल.

धारावीत फेऱ्या काढणाऱ्या एका संस्थेने फेरीत फोटो काढायला बंदी घातली. मला हा नियम फार मोठा वाटतो. कॅमेरा खिशात गेला की माणसाच्या हाताला काम उरत नाही. मग तो हात जोडतो, नाहीतर हात मिळवतो.

सावोकाच्या माडीवरच्या बाईला कुणी हात केला तो थांब म्हणायला. त्या हाताने नमस्कारही करता आला असता. तेवढाच वेळ लागला असता.

०

कोकणात पूर्वी मुंबईहून आगबोट जायची. बऱ्याच बंदरांत धक्का नव्हता, म्हणून बोट खोल पाण्यात नांगर टाकायची आणि काठावरून पडाव यायचे. पोरंसोरं, ट्रंका, बोचकी, म्हाताऱ्या, सगळ्यांना हाताला धरून हलत्या पडावात उतरवायचे. क्रूझमधून छोट्या बोटीने किनाऱ्याला नेतात, तेव्हा उतरण्याची रीत तीच असते. कोकणातल्या किनाऱ्यावर मात्र कुणीतरी वाट पाहत उभं असायचं, आणि पडावातला प्रत्येक माणूस त्या गर्दीत आपला एक चेहरा शोधायचा. जिथे आपली वाट पाहणारं कुणी नाही, तिथे आपल्याला देखावा दिसतो. जिथे आहे, तिथे देखावा नंतर दिसतो.

०

परत आल्यावर मुलीने फोनवर विचारलं, "आप्पा, आपल्या वैरागला कुणी चार तासांसाठी आलं तर काय दाखवाल?"

मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. आमच्याकडे सिनेमा झालेला नाही. डोंगरमाथा नाही, महाल नाही. संतनाथ महाराजांचं देऊळ आहे, तिथे आधी नेईन, कारण गावात आलेल्या माणसाने ग्रामदैवताला वर्दी द्यावी, ही रीत आहे. पेठेत थोडा फिरवीन, तिथे तुरीच्या आणि सोयाबीनच्या भावावर माणसं कशी तावातावाने बोलतात ते ऐकू दे, भाषा नाही कळली तरी चालेल. भाव पडलेल्या दिवसाचा चेहरा सगळीकडे सारखाच असतो.

आणि महिना पौषाचा असेल तर शेतात नेईन. आमच्या ज्वारीचं नाव मालदांडी. जवळच्याच मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडून ३५-१ हा वाण तयार झाला, १९३०च्या दशकात. तेव्हापासून दुष्काळ आले, गेले, कितीतरी संकरित वाण आले, पण रब्बीच्या कोरडवाहू रानात शेतकरी तिलाच धरून राहिला. ती पावसावर उभी राहत नाही. काळ्या जमिनीच्या पोटात साठलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दंवावर पोसते. माणसाला भाकरी देते आणि जनावराला कडबा, आणि कडबा नीट आला नाही तर आमचा शेतकरी पीक आलं असं म्हणत नाही. हे मला त्या पाहुण्याला सांगायचं आहे. डोंगरावरच्या गावाने भीतीतून शहाणपण काढलं, आम्ही कोरडेपणातून काढलं. त्याला हे कळेल. त्याच्याही गावात कुठेतरी असं एखादं हट्टी पीक असणार.

रानात आगटी पेटवलेली असेल. जमिनीत खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, आणि त्या धगीत खुपसलेली हिरवी कणसं. भाजलेलं कणीस बाहेर काढलं की ते हातावर चोळायचं असतं. दाणे निघतात, कोंडा फुंकून उडवायचा. चोळणाराला चटका बसतो, म्हणून एरवी पाहुण्याला यजमानच चोळून देतो. मी पहिलं कणीस चोळून देईन, दुसरं त्याच्याच हातात ठेवीन. शेंगाची चटणी, गुळाचा खडा, वाटीभर घट्ट दही जवळ असेल. हुरडा गरम असतो तोवरच मऊ असतो, गार झाला की चिवट होतो. म्हणून कुणी कणीस हातात धरून फोटोसाठी थांबला, तर त्याला एवढंच म्हणेन : आधी खाऊन घ्या पाव्हणं, फोटो मग काढा.